घराची निरवानिरव: वृद्ध आईबापांशीं मृत्युपत्राविषयीं बोलणें

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गाकरितां पाठ. वाचावयाचे शास्त्रभाग: १ राजे १:१–३१, गणना २७:१–११, लूक १२:१३–१५.)



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत लग्नाविषयीं, मुलांच्या शाळेविषयीं, पिकापाण्याविषयीं घराघरांतून मोकळेपणानें बोलणें होतें. परंतु एका गोष्टीविषयीं घरचीं माणसें एकमेकांशीं अक्षर काढीत नाहींत. ती गोष्ट म्हणजे म्हाताऱ्या आईबापांच्या मागें घरादाराची व माणसांची व्यवस्था. बाप सत्तरी ओलांडून गेलेला असतो, आईला डोळ्यांनीं नीट दिसत नाहीं, सातबाऱ्यावर अजून आजोबांचें नांव असतें. प्रश्न सर्वांच्या मनांत घोळतो, पण ओठांवर कोणी आणीत नाहीं. मग एके दिवशीं बाप देवाघरीं जातो, आणि थडग्यावरची माती बसण्याच्या आधींच भाऊ भावाशीं बोलेनासा होतो. अशीं घरें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलीं आहेत.

या पाठांत सांगावयाचें तें एवढेंच कीं, आईबाप हयात व शुद्धीवर असतांना त्यांची इच्छा त्यांच्याच तोंडून विचारून घ्यावी, ती रीतसर कागदावर यावी, आणि विचारतांना आपल्या वाट्याची गोष्ट न काढतां घरांतील सर्वांत दुबळ्या माणसाची काढावी. कारण, आपण पुढें पाहूं त्याप्रमाणें, घरधन्याच्या मौनाचा भार दुबळ्यांवरच पडतो.

१. दावीद राजाचें मौन

पहिल्या शास्त्रभागांत दावीद राजा अतिशय वृद्ध झालेला दिसतो. अंगावर पांघरुणें घातलीं तरी त्याला ऊब येत नव्हती. शलमोनाला गादी देण्याचें वचन त्यानें बथशेबेला दिलें होतें, परंतु तें सर्वांसमक्ष जाहीर केलें नव्हतें. त्याचा दुसरा मुलगा अदोनीया यानें या मौनाचा फायदा घेतला. सेनापति यवाब व याजक अब्याथार यांस वश करून त्यानें मेजवानी केली, आणि आपणच राजा होणार असें मिरविलें. बापानें त्याला जन्मांत कधीं जाब विचारला नव्हता, हेंही शास्त्रानें नमूद केलें आहे.

अशा वेळीं नाथान संदेष्टा व बथशेबा यांनीं काय केलें तें नीट पाहा. त्यांनीं राजाच्या पाठीमागें कारस्थान केलें नाहीं, आणि तो मरेपर्यंत वाटही पाहिली नाहीं. बथशेबा सरळ त्याच्या खोलींत गेली, नमन केलें, त्यानें दिलेल्या वचनाची आठवण दिली, आणि सर्व लोकांचे डोळे आपणांकडे लागले आहेत असें सांगितलें. राजा न बोलतां गेला तर आपली व आपल्या मुलाची काय गति होईल हेंही तिनें लपविलें नाहीं. मागून नाथानानें येऊन तिच्या बोलण्यास पुष्टि दिली. त्याच दिवशीं दावीदानें निर्णय केला. म्हाताऱ्या माणसाला आदरानें विचारलें तर तो निर्णय करूं शकतो. बहुधा त्याला कोणी विचारलेलेंच नसतें.

२. मृत्युपत्र नसल्यास कायदा कशी वांटणी करितो

पुष्कळांस असें वाटतें कीं, कागद केला नाहीं तरी रीतिरिवाजाप्रमाणें वांटणी होईल. ही समजूत चुकीची आहे. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करितां वारला तर त्याच्या मिळकतीस सामान्यतः १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, आणि त्यांतील वांटणी गांवच्या रिवाजाहून फार निराळी आहे.

समजा, एका शेतकऱ्याची सहा एकर जिराईत जमीन आहे. त्याच्या मागें बायको, दोन मुली व धाकटा मुलगा आहे. थोरला मुलगा पूर्वीच वारला असून त्याची विधवा व तिचीं दोन मुलें घरांत आहेत. कायदा अशी वांटणी करितो: बायकोस एक तृतीयांश, म्हणजे दोन एकर. उरलेल्या चार एकरांचे चार सारखे भाग. दोन्ही मुलींस एकेक एकर, धाकट्या मुलास एक एकर, आणि मेलेल्या मुलाचा एक एकर त्याच्या दोन लेकरांस वीस वीस गुंठे.

यांत तीन गोष्टी ध्यानांत घ्या. पहिली, मुलगी व मुलगा यांत कायदा कांहींच भेद करीत नाहीं, आणि मुलीचें लग्न झालें म्हणून तिचा हक्क जात नाहीं. ही समता आजकालची नव्हे. १८६५ च्या उत्तराधिकार कायद्यांतच ती होती. दक्षिणेकडे त्रावणकोरांत मात्र ख्रिस्ती मुलींना १९१६ च्या एका निराळ्या कायद्यानें मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पांच हजार रुपये, यांपैकीं जें कमी असेल तेवढेंच मिळे. मेरी रॉय नांवाच्या बाईंनीं त्याविरुद्ध दाद मागितली, आणि सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं ठरविलें कीं तेथेंही १९२५ चाच कायदा चालतो. सलाफहादाच्या पांच मुलींनीं मोशेपुढें उभें राहून जें मागितलें, त्याच जातीची ही मागणी होती.

दुसरी गोष्ट, “तिच्या लग्नांत खर्च केला, आतां तिचा वाटा कसला?” हें बोलणें कायद्यापुढें टिकत नाहीं. बापानें हयातींत एखाद्या मुलाच्या शिक्षणास किंवा मुलीच्या लग्नास जें दिलें, तें वांटणीच्या वेळीं हिशोबांत धरावयाचें नाहीं असें या कायद्यांत स्पष्ट आहे. एकास शिकविण्यासाठीं शेत गहाण पडलें असेल आणि दुसरा शाळा सोडून नांगर धरून राहिला असेल, तरी दोघांस सारखेंच. ही उणीव भरून काढावयाची असेल तर ती बापालाच मृत्युपत्रानें भरतां येते.

तिसरी गोष्ट, आपल्या कायद्यांत बापाच्या हयातींत मुलांचा ‘वडिलोपार्जित वाटा’ म्हणून कांहीं नसतो. जें बापाच्या मालकीचें आहे तें पूर्णपणें बापाचें, व जें आईच्या नांवें आहे तें आईचें. “माझा हिस्सा मला आतांच तोडून द्या” असें म्हणण्याचा मुलास अधिकार नाहीं. उडाऊ पुत्राची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. बापानें त्याला दिलें तें हक्क म्हणून नव्हे.

३. ज्यांस कायदा ओळखीत नाहीं

आतां वरील घराकडे पुन्हां पाहा. थोरल्या मुलाची विधवा सासूसासऱ्यांचें दुखणें काढते, पाणी भरते, औषध देते. कायद्यानें तिच्या नांवावर एक गुंठाही येत नाहीं. जें येतें तें तिच्या लेकरांस. तिला मूलबाळ नसेल तर सासऱ्याच्या मागें तिला त्या घरांत कांहींच हक्क राहत नाहीं. सासऱ्याच्या मनांत तिच्याविषयीं कितीही माया असो; तिला कांहीं द्यावयाचें असेल तर मृत्युपत्र हाच सुरक्षित मार्ग आहे.

दुसरें उदाहरण निपुत्रिक जोडप्याचें. नवरा वारला, मूल नाहीं, परंतु त्याचे नातेवाईक आहेत. अशा वेळीं विधवेस अर्धा भाग मिळतो. उरलेला अर्धा नवऱ्याच्या बापास, आणि बाप नसल्यास नवऱ्याची आई, भाऊ व बहिणी यांस जातो. दोघांनीं मिळून बांधलेल्या घरांत अर्धा हिस्सा दिराचा होऊन बसतो.

तिसरें उदाहरण पाळलेल्या लेकराचें. आपल्या मंडळ्यांत अनाथ मूल घरांत आणून पोटच्या पोराप्रमाणें वाढविण्याची चांगली चाल आहे. रीतसर दत्तक घेतलेल्या मुलास सर्व हक्क मिळतात. पण नुसतें वाढविलेलें मूल कायद्याच्या दृष्टीनें परकेंच. तीस वर्षें ज्यानें ‘बाबा’ म्हणून हांक मारली, त्याला चुलत्यांनीं दारांतून काढलें तर कायदा त्याच्या बाजूस उभा राहत नाहीं.

चवथें उदाहरण विशेषतः ज्यांचे आईबाप हिंदु आहेत अशा बंधुभगिनींसाठीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें, ज्यानें स्वतः धर्मांतर केलें त्याचा आपल्या हिंदु आईबापांच्या मिळकतींतील वारसा त्या कारणानें जात नाहीं. परंतु धर्मांतरानंतर जन्मलेलीं त्याचीं मुलें आजोबांच्या मरणसमयीं हिंदु नसतील, तर त्यांस आजोबांचे वारस होतां येत नाहीं. म्हणून धर्मांतरित मुलगा बापाच्या आधीं वारला, तर आजोबांच्या मिळकतींत नातवंडांस कांहींच मिळत नाहीं. आजोबांची माया त्यांच्यावर असेल तर आपल्या मिळकतीपुरतें मृत्युपत्र करून ते त्यांस देऊं शकतात. तेव्हां आजोबा आहेत तोंवर ही गोष्ट त्यांस नम्रपणें सांगितली पाहिजे. पुष्कळ आजोबांस हा नियम ठाऊकच नसतो.

आदिवासी बंधूंच्या वारशास रूढीचे व जमिनीच्या हस्तांतरणास विशेष कायद्यांचे निर्बंध आहेत. तसेंच ज्यांच्या जमिनी पूर्वीं महार वतनाच्या होत्या व १९५८ च्या कायद्यानें वतन खालसा झाल्यावर नव्या शर्तीनें परत मिळाल्या, त्यांच्या हस्तांतरणासही अटी आहेत. गोव्यांतील मिळकतीस तर निराळाच वारसा कायदा लागतो. अशांनीं आधीं तहसील कचेरींत किंवा जाणत्या वकिलाकडे चौकशी करावी.

४. आईबाप कां बोलत नाहींत

म्हाताऱ्या माणसांच्या मनांत कांहीं भयें असतात. तीं समजून घेतल्याशिवाय बोलणें सुरू करणें म्हणजे दार न उघडतां घरांत शिरूं पाहणें होय.

पहिलें भय असें कीं, मृत्युपत्राचें नांव काढलें तर मरण जवळ येतें. हें भय बाप्तिस्म्यानंतरही पुष्कळांच्या मनांत राहतें. त्याची थट्टा करूं नये. ज्यांस जायचें भय उरलें नाहीं त्यांनीं सामान बांधून ठेवण्यास कां भ्यावें, एवढेंच प्रेमानें विचारावें.

दुसरें भय अधिक खरें आहे. “एकदां लिहून दिलें कीं पोरें भाकर घालणार नाहींत.” झांकली मूठ सव्वालाखाची, असें म्हातारा मनांत धरून बसतो. त्याचें हें भय अगदींच निराधार नाहीं. परंतु येथें दोन कागदांतील भेद त्यास समजावून सांगितला पाहिजे. बक्षीसपत्र केलें तर मिळकत हयातींतच दुसऱ्याची होते. मृत्युपत्र मात्र करणाराच्या मरणानंतरच लागू होतें. तोंवर मालक तोच. शेत विकण्यास, गहाण ठेवण्यास, किंवा मृत्युपत्र फाडून नवें करण्यास तो पूर्ण मोकळा असतो. म्हणजे मृत्युपत्रानें मूठ उघडत नाहीं. मुठींत काय आहे व तें कोणासाठीं आहे एवढेंच ठरतें.

मुलांनीं बापापाशीं बक्षीसपत्राचा आग्रह धरूं नये. बापानें आपखुषीनें तें केलेंच, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यांत स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणें अशा अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द ठरवून घेतां येते.

तिसरें भय असें कीं, एकास अधिक दिलें तर दुसऱ्याचें मन दुखेल. हें खरें आहे. परंतु बापाच्या तोंडून कारण ऐकलें तर दुखलेलें मन कालांतरानें भरून येतें. बाप गेल्यावर कागदांतून तेंच कळलें तर संशय उत्पन्न होतो, आणि संशयाचें औषध सांपडत नाहीं.

५. बोलावें कसें

भांडणाच्या दिवशीं बोलूं नये, दारूच्या बैठकींत बोलूं नये, आणि बाप दवाखान्यांत खाटेवर पडला असतां तर मुळींच बोलूं नये. सुगी आटोपल्यावर, पोरीबाळी माहेरीं आल्या असतां, जेवणें झाल्यावर ओसरीवर बसून बोलण्यास हरकत नाहीं. प्रथम एकानेंच आईबापांची परवानगी विचारावी. मग सर्व भावंडांसमक्ष बोलणें व्हावें. लेकींना वगळून केलेलें बोलणें हें बोलणें नव्हे. तो कट होय.

आरंभ असा करावा: “बाबा, तुम्ही आहां तोंवर आम्हांला कसली चिंता नाहीं. पण तुमच्या मागें आईनें कोठें राहावें, तिच्या औषधपाण्याचें कोणी पाहावें, हें तुमच्या मनांत काय आहे तें आम्हांला कळूं द्या.”

बाप म्हणेल, “अरे, मी जायची वाट बघतोस कीं काय?”

यावर चिडूं नये. म्हणावें, “तसें नाहीं बाबा. तुम्ही शंभर वर्षें जगा. पण तुमचा शब्द आम्हां सर्वांना मान्य आहे. तो शब्द आमच्यापाशीं असला म्हणजे आम्ही भांडणार नाहीं.”

पहिल्या दिवशीं उत्तर मिळालें नाहीं तर आग्रह करूं नये. आठ पंधरा दिवस जाऊं द्यावेत. बाप स्वतःच एके दिवशीं बांधावर बसून विषय काढील. त्या वेळीं त्याचें म्हणणें पुरें ऐकावें, मध्यें तोंड घालूं नये.

आईस निराळें विचारावें. आपल्या घरांत आई नवऱ्यासमोर आपली इच्छा क्वचितच बोलते. तिच्या नांवावर माहेरची जमीन, दागिने, बचत गटाचे पैसे असतील. त्यांची मालक तीच आहे, आणि तिलाही मृत्युपत्र करतां येतें. “आई, तुझ्या मनांत काय आहे?” हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नसेल.

आपला वाटा विचारूं नये. लूकाच्या बाराव्या अध्यायांत एका माणसानें प्रभूला भावाकडून वतनाची वांटणी करवून देण्यास सांगितलें, तेव्हां प्रभूनें वांटणी करून न देतां लोभाविषयीं इशारा दिला. ज्याच्या बोलण्याच्या आरंभीं ‘माझें’ हा शब्द असतो त्याच्याशीं म्हातारा मोकळेपणानें बोलत नाहीं.

६. कागद कसा करावा

आईबापांची इच्छा ठरली म्हणजे पुढील गोष्टी पाहाव्या.

(अ) प्रथम मिळकतीची यादी करावी. सातबारा व आठ-अ चे उतारे, ग्रामपंचायतींतील घराची नोंद, बँकेचें व सोसायटीचें पुस्तक, विमा, देणेंघेणें, सर्व एके ठिकाणीं आणावें. सातबाऱ्यावर अजून आजोबांचें नांव असेल तर आधीं वारसनोंद करून घ्यावी. फेरफाराची नोंद ही महसुलाच्या कामाची असते. ती झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असें समजूं नये.

(आ) मृत्युपत्र साध्या कागदावर चालतें. त्यास मुद्रांक लागत नाहीं. कायद्याचे अवघड शब्द नकोत. कोणती मिळकत कोणास, हें स्पष्ट कळलें म्हणजे झालें. गट नंबर, चतुःसीमा, नांवें व नातीं नीट लिहावीं. बायकोनें हयातभर घरांत राहावें व अमुक शेताचें उत्पन्न खावें, अशी अट घालतां येते. देणीं कोणी फेडावीं व व्यवस्था कोणी पाहावी हेंही लिहावें.

(इ) करणारा अठरा वर्षांवरील व शुद्ध बुद्धीचा असावा. त्यानें सही करावी. लिहितां येत नसेल तर अंगठा चालतो, मात्र मजकूर त्यास वाचून दाखविला व समजला असें खालीं नमूद करणें बरें. करणार फार वृद्ध असल्यास त्याच दिवशींचा डॉक्टरचा दाखला घ्यावा. कायद्यानें तो सक्तीचा नाहीं, पण पुढें वाद टळतो.

(ई) निदान दोन साक्षीदार पाहिजेत. करणाराला सही किंवा अंगठा करितांना त्यांनीं पाहावें, आणि त्याच्या समक्ष आपण सह्या कराव्या. ज्यास मृत्युपत्रानें कांहीं मिळणार आहे त्यानें, अथवा त्याच्या नवऱ्यानें किंवा बायकोनें, साक्ष घालूं नये. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रांत अशा साक्षीदारास दिलेलें दान व्यर्थ होतें. मुलास शेत दिलें आणि सुनेनें साक्ष घातली, तर मुलाचें शेत गेलें.

(उ) नोंदणी सक्तीची नाहीं. तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदविलेल्या कागदावर संशय घेणें कठीण जातें. ज्यास शक्य असेल त्यानें नोंदवावें. ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रास प्रोबेट घेण्याची सक्ती २००२ च्या दुरुस्तीनें गेली आहे.

(ऊ) ख्रिस्ती माणसानें मृत्युपत्रानंतर लग्न केलें तर तें मृत्युपत्र आपोआप रद्द होतें. विधुरानें किंवा विधवेनें पुनः लग्न केल्यास नवें मृत्युपत्र करावें.

(ए) बँकेंत ‘नॉमिनी’ म्हणून ज्याचें नांव आहे तो त्या ठेवीचा मालक होतो असें नाहीं. तो पैसे उचलूं शकतो, पण ते खऱ्या वारसांस किंवा मृत्युपत्रांत नेमलेल्यांस द्यावयाचे असतात. भावंडांत पुष्कळ भांडणें या एका गैरसमजामुळें होतात.

(ऐ) मूळ कागद कोठें ठेवला आहे तें दोघांतिघांस ठाऊक असावें. मरणानंतर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याच्या, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, दप्तरीं वर्दी द्यावी.

७. उपदेशक बंधूंस सूचना

गांवांत लिहितांवाचतां येणारा व विश्वासू माणूस म्हणून पुष्कळदां तुम्हांसच बोलावणें येईल. नाथानाप्रमाणें तुम्ही बोलण्यास पुष्टि द्या. परंतु कोणाच्याही बाजूचे होऊं नका. एकट्या मुलानें गुपचूप बोलाविलें तर जाऊं नका. म्हाताऱ्यानें स्वतः बोलाविलें पाहिजे. त्यास एकांतांत विचारा कीं, हें आपण राजीखुषीनें करीत आहां ना? फसवून, धाक घालून किंवा पिच्छा पुरवून करविलेलें मृत्युपत्र कायद्यानेंही रद्द आहे, आणि देवापुढेंही.

आपल्यासाठीं त्यांत एक पैसाही लिहून घेऊं नका. मंडळीसाठीं दान देण्याची गोष्ट तुम्ही आपण होऊन काढूं नका. पूर्वीं धर्मादायास मृत्युपत्रानें देण्यावर या कायद्यांत कडक बंधनें होतीं; जवळचे नातेवाईक असणारानें मरणापूर्वीं निदान बारा महिने आधीं तसें मृत्युपत्र केलें पाहिजे असा नियम होता. सर्वोच्च न्यायालयानें २००३ सालीं तें कलम घटनाबाह्य ठरविलें. आतां मोकळीक आहे. म्हणूनच अधिक जपावें. विधवेच्या घासांतून आलेल्या दानानें मंदिराची भिंत उंच होत नाहीं. कोणी आपल्या आनंदानें देऊं म्हणाला, तर आधीं विचारा: बायकोची सोय झाली काय? सुनेची झाली काय? मुलींना सांगितलें काय?

आणि कज्जा झालाच, तर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या मिळवून देण्याच्या कामीं पडूं नका. बहीण आपखुषीनें सोडीत असेल तर तिला तिचा हक्क किती आहे हें आधीं आंकड्यांनीं सांगा. मग ती सोडो वा ठेवो. न समजतां केलेली सही म्हणजे त्याग नव्हे.

वधस्तंभावरून प्रभूनें आपल्या आईस एका शिष्याच्या हवालीं केलें, हें आपण जाणतों. त्याच्यापाशीं वांटण्यास शेत नव्हतें, घर नव्हतें. तरी आपल्या मागें आईनें कोणाच्या घरीं राहावें हें त्यानें स्पष्ट शब्दांत सांगून ठेविलें. ज्यांच्यापाशीं चार गुंठे जमीन व एक कौलारू घर आहे त्यांनीं तेवढेंही सांगून जाऊं नये काय? आणि ज्यांचे आईबाप अद्याप ओसरीवर बसलेले आहेत, त्यांनीं त्यांस विचारण्यास उशीर करूं नये.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. दावीदाच्या मौनामुळें कोणकोणास धोका उत्पन्न झाला? बथशेबेनें राजाशीं बोलतांना कोणती रीत पाळली?

२. एका माणसाची तीन एकर जमीन आहे. त्याच्या मागें बायको, एक मुलगा व एक विवाहित मुलगी आहे. मृत्युपत्र नसल्यास प्रत्येकास किती मिळेल? (उत्तर: प्रत्येकास एक एकर.)

३. बक्षीसपत्र व मृत्युपत्र यांत काय भेद आहे? वृद्ध माणसास कोणतें अधिक सुरक्षित, आणि कां?

४. आपल्या घरांत असें कोण आहे कीं ज्यास कायदा ओळखीत नाहीं, पण आईबापांची माया ओळखते? त्याच्याविषयीं त्यांस कोणी विचारलें आहे काय?

५. घरच्या बोलण्यांत लेकीबहिणींना बोलाविण्यास आपणांस कोणती अडचण वाटते? ती अडचण खरी आहे कीं लोभानें उभी केलेली आहे?